डोक्याला जबर मार लागलेला माणूस घरी येतो तेव्हा

आयसीयूतून वॉर्ड आणि वॉर्डातून घर, इथवर पोहोचलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. टाके सुकलेले असतात, डोळे उघडे असतात, हाक मारली की मान वळते. माणूस बरा झाला असं वाटतं. पण भरून आलेली असते ती वरची जखम. मेंदूचं सावरणं आता कुठे सुरू झालेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस’ म्हणून एक आकडा असतो, माणूस किती शुद्धीत आहे ते सांगणारा. तो ३ ते १५ मध्ये असतो आणि दाखल होताना ८ किंवा कमी असेल तर दुखापत गंभीर धरतात. अशा माणसात पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण दोन वर्षांनंतरही थोडी थोडी चालू राहते. ‘आता जेवढं आलं तेवढंच’ असं कुणी तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

वॉर्डातच हात बसवून घ्या

डिस्चार्जच्या आधीचे तीन-चार दिवस घरातल्या दोघांनी सिस्टरसमोर सगळं स्वतःच्या हाताने करून बघावं: नाकातल्या नळीतून फीड म्हणजे पातळ जेवण देणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, गळ्यात नळी असेल तर सक्शन, म्हणजे तिच्यातला कफ यंत्राने ओढून काढणं. नुसतं बघून हे येत नाही. नर्सिंग ब्युरोकडून मावशी किंवा ब्रदर येणार असले तरी शिकाच, कारण त्यांची सुटी नेमकी अडचणीच्या दिवशी येते.

काही गोष्टी लिहून मागा. फिटच्या गोळ्या किती वाजता द्यायच्या, एखादी राहिली तर काय करायचं, नाकातली नळी आणि कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलायचे, पुढचा सीटी स्कॅन कधी. सुजेचा दाब उतरावा म्हणून कवटीचा तुकडा काढला असेल तर तो कुठे ठेवला आहे तेही विचारा. पुष्कळदा तो पेशंटच्या पोटाच्या कातडीखाली ठेवतात. पोटावरचा टाका आणि हाताला लागणारं कडक काहीतरी पाहून घरचे नंतर घाबरतात. तुकडा काढलेल्या जागी डोक्याला हाडाचं कवच नसतं. पेशंटला त्या कुशीवर झोपवू नका. बसवताना आणि चालवताना डॉक्टरांनी सांगितलेलं हेल्मेट हवंच, अगदी बाथरूमपर्यंत जायचं असलं तरी.

नळीतून जेवण

घरी सर्वांत जास्त चुका इथे होतात. फीड फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि पेशंट पुन्हा आयसीयूत जातो.

नळी बसवल्यावर नाकपुडीपाशी तिच्यावर पक्क्या शाईची खूण करून घ्या. प्रत्येक फीडआधी ती जागेवर आहे का पाहा. खूण बाहेर सरकली असेल तर काहीही सोडू नका, नळी आत ढकलू नका, सिस्टरना बोलवा. खूण जागेवर असेल तर ५० मि.लि.च्या सिरिंजने हलकेच ओढा. पिवळसर-हिरवट पाणी किंवा मागच्या फीडचा अंश आला पाहिजे. मागचं फीड बरंचसं तसंच निघालं तर पोट रिकामं झालेलं नाही. ते परत सोडा आणि तासभर थांबा. लागोपाठ दोनदा असं झालं तर डॉक्टरांना कळवा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी रीत भरवशाची नाही.

कॉटची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. डोक्याकडून वर करता येणारा कॉट भाड्याने मिळतो, तो घ्याच. नुसत्या उशा लावल्या की पेशंट घसरतो आणि पोट दुमडतं. आधी ३० मि.लि. पाणी, मग फीड, मग पुन्हा ३० मि.लि. पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून ती हातभर उंच धरा आणि फीड आपोआप उतरू द्या. एका वेळी २०० ते २५० मि.लि., पंधरा-वीस मिनिटांत. दट्ट्याने जोर लावून ढकललं की उलटी होते. त्यानंतर पाऊण ते एक तास डोकं वरच ठेवा. फिजिओथेरपी, कूस बदलणं, स्पंजिंग फीडच्या आधी उरका.

फीड म्हणजे डाळीवरचं पाणी नाही. ते आणि शहाळं एवढ्यावर ठेवलेला माणूस महिन्याभरात खंगतो, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शिजवून मिक्सरमध्ये फिरवलेली मूगडाळ, दूध, चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचं पांढरं, तांदळाची किंवा नाचणीची पातळ पेज, चमचाभर तेल, असं आहारतज्ज्ञाने बसवून दिलेलं हवं. बारीक गाळणीतून दोनदा गाळा. नाचणी गार झाली की घट्ट होते आणि नळी बंद पाडते, म्हणून ती पातळ आणि कोमटच सोडा. बाहेर राहिलेलं फीड उन्हाळ्यात दोन तासांनंतर टाकून द्या.

गोळ्या फीडमध्ये कालवायच्या नाहीत. एकेक कुटून पाण्यात विरघळवून द्या आणि दोन गोळ्यांमध्ये थोडं पाणी सोडा. नावापुढे एसआर, ईआर, सीआर असलेली गोळी औषध हळूहळू सोडणारी असते. ती कुटू नका, तिचं औषध एकदम अंगात उतरतं. फिटसाठी फेनिटोइन चालू असेल तर ती फीडबरोबर नीट शोषली जात नाही. मध्ये किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. घरी आल्यावर अचानक फिट येण्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

तोंडाने पहिला घास

‘घसा कोरडा पडलाय, चमचाभर पाणी तरी द्या’ असं कुणीतरी मायेनं म्हणतंच. गिळायला सर्वांत अवघड पाणीच. ते वेगाने मागे जातं आणि कमकुवत घसा वेळेत मिटत नाही. स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासल्याशिवाय थेंबही नको. सुरुवात बहुतेकदा दह्याइतक्या दाट, एकसारख्या पदार्थाने होते: गुठळ्या नसलेली रव्याची खीर, घोटलेली खिमटी, कुस्करलेलं पिकलं केळं. आमटी-भात मऊ वाटतो, पण त्यात पातळ आणि दाणे एकत्र असतात. पाणी आधी सुटतं आणि शितं मागे राहतात. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी बरेच दिवस लांब ठेवा.

ताठ बसवा, टीव्ही बंद करा, अर्धा छोटा चमचा द्या. कंठ वर जाऊन खाली आला की मगच पुढचा. शेवटी तोंड उघडून बघा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो. खोकला, ओला घरघरता आवाज, डोळ्यांत पाणी दिसलं की थांबा. काहींना फुप्फुसात घास जाऊनही खोकला येत नाही, म्हणून दोन दिवसांत ताप आला तरी संशय घ्या. आणि तोंडाने काही जात नसलं तरी दात-जीभ दिवसातून दोनदा साफ करा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात.

अंग, कातडी, लुळा हात

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस असली तरी हे चुकत नाही. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, कान आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहा. लालसर डागावर बोट दाबा. रंग फिका झाला नाही तर जखम होऊ घातली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हाताने तपासा. त्या जागेला तेल चोळू नका, तिच्यावरचा भार काढा.

बाकी अंगाला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर मालिश अजिबात नको. रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच दाखवा. उठवताना लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो. बसवल्यावर तो हात उशीवर टेकवा. घट्ट मिटलेल्या मुठीत चेंडू देण्याआधी फिजिओथेरपिस्टना विचारा, त्याने मूठ आणखी आवळू शकते.

फिट आली तर

घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, वेळ मात्र जातो. पाच मिनिटं उलटली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर १०८ ला फोन करा. ‘आता महिनाभर आली नाही’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

‘ओळखलंस का मला?’

येणारा प्रत्येक जण कॉटशी वाकून हेच विचारतो. नाव नाही आलं तर पुन्हा विचारतो, मोठ्याने. पेशंटला काहीतरी चुकतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही, आणि तो चिडतो किंवा डोळे मिटून घेतो. परीक्षा घेऊ नका, उत्तर आधीच द्या: ‘मी मामा. साताऱ्याहून आलोय. आज मंगळवार आहे, तू घरी आहेस, तुला अपघात झाला होता.’ एवढं बोलून दहा सेकंद थांबा. त्याला ऐकलेलं जुळवायला वेळ लागतो, आणि आपण त्या शांततेत दुसरं वाक्य घुसवतो. चुकीचं उत्तर तोंडात बसलं की तेच पक्कं होतं, म्हणूनही अंदाज बांधायला लावू नका.

एका वेळी दोनच पाहुणे, पंधरा मिनिटं, एका वेळी एकानेच बोलायचं. हे दारावर कागदावर लिहून लावा, म्हणजे घरातल्या कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. समोरच्या भिंतीवर मोठा फळा: वार, तारीख, सोबत कोण, पुढे काय. तो रोज सकाळी पुसून नव्याने लिहायचा.

मध्ये एक टप्पा येतो: ओरडणं, शिव्या, मारणं, नळ्या उपटणं. अतिशय सोज्वळ माणूससुद्धा हे करतो. हा त्याचा स्वभाव नाही, शुद्धीकडे येतानाची ही पायरी आहे, आणि बहुतेकांची ती ओसरते. हात बांधले की झटापट वाढते. त्याऐवजी नळी पोटावरच्या कपड्याखालून न्या, हाताला जाड सुती मोजा घाला, खोलीतला उजेड आणि आवाज कमी करा. चिडचिड एकाएकी वाढली तर आधी पोट साफ झालं का, लघवी तुंबली का, ताप आहे का ते पाहा. सांगता येत नसलेलं दुखणं असंच बाहेर पडतं.

पुढे उलटं होतं. माणूस चालतो, बोलतो, पण तासन्‌तास बसून राहतो. त्याला आळशी म्हणू नका. काम सुरू करून देणारा मेंदूचा पुढचा भाग दुखावलेला असतो. ‘आंघोळ करून घे’ यात त्याच्यासाठी दहा कामं असतात. ‘ऊठ.’ उठला की ‘टॉवेल घे.’ घेतला की ‘चल बाथरूमकडे.’ रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. काही आठवड्यांनी एकेक सूचना गाळत जा. वीस मिनिटं काम झालं की विश्रांती.

शब्द येत नसतील तर आरती म्हणून पाहा, पाढे, वारांची नावं. स्वतःचं नाव न सांगता येणारा माणूस आरतीचं कडवं पुरं करतो, कारण पाठ असलेलं आणि सुरातलं वेगळ्या वाटेने येतं. ही थेरपिस्टला सांगायची महत्त्वाची खूण आहे.

थांबायचं नाही अशा गोष्टी

कालपर्यंत बोलणारा आज गुंगीत आहे. वारंवार उलट्या. चाल बिघडली, नव्याने लघवी सुटू लागली. कवटी काढलेली जागा फुगून कडक झाली. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळतंय. यातलं काहीही असेल तर लगेच न्यूरोसर्जनकडे न्या, कारण मेंदूत पाणी किंवा रक्त साठत असू शकतं, किंवा मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं.

सांभाळणाऱ्याचं

रात्रीच्या पाळ्या लावा. एकाच माणसाने दर दोन तासांनी उठायचं ठरवलं तर दोन-तीन आठवड्यांत तोही आजारी पडतो. ‘येऊ का मदतीला’ म्हणणाऱ्याला नेमकं काम द्या: गुरुवारी रात्री दहा ते दोन. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

रस्ता अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं एका फाइलीत ठेवा. मोटार अपघात दावा प्राधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याच्या हिशेबाने वकील गाठा. कायमचं अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, वाचा-उपचारासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

आणि दुचाकीची किल्ली. चालायला लागला की माणूस ती मागणारच, आपल्याला काही झालंय हेच त्याला जाणवत नसतं. नजर, प्रतिक्रियेचा वेग आणि फिटचा धोका तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या घरी ठेवा. ‘पुढील तपासणीपर्यंत वाहन चालवू नये’ असं सही-शिक्क्याचं पत्र डॉक्टरांकडून घ्या, कपाटाला चिकटवा, आणि किल्ली मागितली की वाद न घालता तेच वाचायला द्या.