सात महिन्यांचा करार, सतरा आठवड्यांची मुदतवाढ : फ्रीलान्सरांनो, या चुका टाळा

मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला फिटते. 2026 चा पाडवा 19 मार्चचा आणि 2027 चा 7 एप्रिलचा. मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने हे साल 365 नव्हे, तर 384 दिवसांचे भरते. या जादा दिवसांचे काय, हे जाणता गडी साल ठरवतानाच बोलून घेतो. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारे किंवा लातूर-नांदेडला घरी बसून पुण्याच्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे आपण फ्रीलान्सर मात्र सात महिने, अकरा महिने, सतरा आठवडे, 89 दिवस अशा मुदतीच्या करारांवर, हा आकडा आला कुठून हे न विचारताच, सही करून मोकळे होतो.

सेवेच्या करारासाठी अकरा महिन्यांचा आकडा कायद्यातून आला आहे, ही या मुदतींबद्दलची सर्वांत रुजलेली चुकीची समजूत आहे. ही सवय घरभाड्याच्या करारातून आली. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने लोक एक महिना कमी लिहू लागले. महाराष्ट्रात तर तोही आधार उरलेला नाही, कारण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला, तरी नोंदवणे बंधनकारक केले आहे. सेवा देण्याच्या कराराला अकरा आणि तेरा महिने सारखेच. 89 दिवसांचे आणि दोन नेमणुकांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेल्या ‘तांत्रिक खंडा’चे लोण सरकारी कंत्राटी नेमणुकांतून आले आहे. कामगार कायद्यात 240 दिवसांच्या सलग सेवेला महत्त्व असल्याने तिथे त्या खंडाला काही अर्थ तरी आहे. स्वतंत्रपणे, स्वतःच्या साधनांनी आणि बिलावर काम करणाऱ्याला तो लागू नाही. तरीही मनुष्यबळ विभाग तोच मसुदा आपल्यापुढे सरकवतो आणि आपण दर तीन महिन्यांनी आठवडाभराचे उत्पन्न निमूटपणे सोडून देतो.

आकडा कुठून आला, हे विचारल्यास बरेच कळते. सात महिन्यांचा करार पुष्कळदा प्रसूती रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागेसाठी असतो : रजा 26 आठवड्यांची, पुढेमागे काम सोपवण्याचे काही दिवस. अशा कराराचे नूतनीकरण होईल, या भरवशावर दुसरे काम नाकारणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. 31 मार्चला संपणारा विचित्र मुदतीचा करार बहुधा अंदाजपत्रकातून आलेला असतो, आणि त्याला मुदतवाढ मिळण्याची शक्यता त्या मानाने बरी असते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती मी फार जवळून पाहिली आहे. जिग-फिक्स्चरच्या ड्रॉइंगचा माझा करार सप्टेंबरपासून नऊ महिन्यांचा, म्हणजे 31 मेपर्यंतचा होता. त्या करारावर निघालेला पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीचा खरेदी आदेश) मात्र 31 मार्चपर्यंतचाच होता. पीओच्या दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, वैधतेची तारीख होती आणि मी ती वाचली नव्हती. एप्रिलमध्ये 22 ड्रॉइंग दिली, ती शॉपफ्लोअरवर वापरलीही गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात बिल पाठवले, तेव्हा हिशेब विभागाने शांतपणे सांगितले, ‘‘सर, पीओ संपलाय, बिल सिस्टीममध्ये चढत नाही.’’ नवा पीओ निघाला तो 12 मेच्या तारखेचा, त्यामुळे एप्रिलचे काम त्याआधीचे ठरले. ज्या इंजिनिअरने काम सांगितले, तो भला माणूस होता. पण त्याच्या ‘‘चालू ठेवा, पीओ येतोच आहे’’ या शब्दांवर बिल चढत नसते. ते पैसे श्रावण लागल्यावर हातात पडले.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. करार आणि पीओ ही दोन वेगळी कागदपत्रे असून दोघांच्या शेवटच्या तारखा जुळतात का, हे पहिल्याच दिवशी तपासावे. आणि मुदत उलटल्यानंतर काम झालेच असेल, तर ते फुकट गेले असे समजून गप्प बसू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार एखाद्याने मोफत करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. मात्र त्यासाठी लाभ घेतल्याचा पुरावा लागतो : ड्रॉइंग मिळाल्याची मेल, दुरुस्ती सुचवणारा व्हॉट्सअॅप संदेश, बैठकीचे टिपण. तोंडी बोलणे झाले असेल, तर त्याच संध्याकाळी ‘‘आज ठरल्याप्रमाणे’’ अशा सुरुवातीची मेल टाकून ठेवावी.

दिवस मोजण्यातही गफलत होते. 1 जुलैपासून तीन महिन्यांचा करार 30 सप्टेंबरला संपतो, पण 90 दिवसांचा 28 सप्टेंबरला. दैनिक दराने काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक दोन दिवसांच्या पैशांचा असतो. म्हणून मुदतीबरोबर शेवटची तारीखही लिहून घ्यावी. याहून फसवे कलम आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाचे असते. ‘‘मुदतीपूर्वी 60 दिवस नोटीस न दिल्यास करार त्याच अटींवर वाढेल’’ हे वाक्य वर्षभराच्या करारात निरुपद्रवी वाटते. सतरा आठवड्यांच्या, म्हणजे 119 दिवसांच्या करारात मात्र निम्मे काम होण्याआधीच, 59व्या दिवसापर्यंत, निर्णय कळवावा लागतो. तो दिवस हुकला, की जुन्याच दरात आणखी सतरा आठवडे.

दराच्या बाबतीत ‘सर्व करांसह’ हे शब्द मुदतवाढीच्या वेळी पुन्हा वाचावेत. सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि ही उलाढाल कराराच्या नव्हे, तर आर्थिक वर्षाच्या हिशेबाने मोजली जाते. मुदतवाढीमुळे ती मर्यादा ओलांडली गेली आणि दर करांसह असला, तर 18 टक्के जीएसटी वजा जाऊन लाखातले 84,746 रुपयेच आपले राहतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, करून न घेणे हा तर निव्वळ आळस आहे, कारण ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी देय मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. लेखी मुदतवाढ नसताना केलेल्या कामाला तर ही मुदत 15 दिवसांचीच.

ड्रॉइंग किंवा कोड यांचे कॉपीराइट नोकरीतल्याप्रमाणे आपोआप कंपनीकडे जात नाही; लेखी हस्तांतर लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांचेच मानले जाते. नूतनीकरणाच्या वाटाघाटीत हा मुद्दा फार कमी जण काढतात.

मुदत संपण्याच्या चाळीस दिवस आधी मी आता एकच मेल पाठवतो : ‘‘आपला करार अमुक तारखेला आणि पीओ तमुक तारखेला संपत आहे. काम पुढे चालू ठेवायचे असल्यास नवी शेवटची तारीख, दर आणि पीओ क्रमांक कृपया त्याआधी कळवावा.’’ ही मेल काम सांगणारा इंजिनिअर आणि पर्चेस विभाग, दोघांनाही जाते. उत्तर आले नाही, तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या फाइल सोपवून पोच घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्या कामाचा फोन आला, तर आधी पीओ क्रमांक विचारतो.