चौकातल्या ड्युटीने मन थकलं, तर काय करायचं?

वाहतूक पोलिसाने नाशिकच्या द्वारका चौकात दिवसभर उभं राहिलं की पाय भरून येणारच. तो थकवा झोपेने उतरतो. साप्ताहिक सुट्टी घेऊनही सकाळी गणवेश चढवणं नकोसं वाटत असेल, तर तो बर्नआउट असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही, कामाच्या ताणातून आलेली अवस्था मानते. म्हणून दुरुस्ती कामापासून सुरू करा.

आधी मोजा. ड्युटी सुटल्यावर डायरीत ० ते १० मध्ये तीन आकडे लिहा: मन किती रिकामं झालं, लोकांशी किती कोरडं वागलो, आज काम साधलं असं किती वाटलं. चार आठवडे लिहा. घरी जाऊन लिहिलंत तर घरच्या कटकटी आकड्यात मिसळतात. गणपती किंवा सिंहस्थाच्या बंदोबस्ताच्या दिवसांवर खूण करा, नाहीतर सरासरी फसवते.

कोरडेपणा वाढला असेल, तर हुज्जत कमी करा. चूक सांगा, लायसन्स मागा, ई-चलान करा. दंड जागेवरच भरायची सक्ती नसते, हे आधीच सांगितलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

तिसरा आकडा घसरला असेल, तर आत्मविश्वास पाहा. 'तू करशील रे' एवढ्याने तो येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की स्वतः पार पाडलेलं काम हा त्याचा सर्वांत भक्कम आधार. नव्या अंमलदाराला पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मुंबई नाक्यावर एकटं उभं करणं इथेच नडतं: विश्वास बसण्याआधीचं अपयश खोल रुततं. पहिला आठवडा जुन्या हवालदारासोबत, चौकाची एकच बाजू, काम एकच: डावं वळण मोकळं ठेवणं. ते जमलं की दुसरी बाजू द्या. उन्हाने छाती धडधडली तरी माणसाला वाटतं, आपण घाबरलो. म्हणून सावली आणि पाणी हवंच. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला.

महिन्यातून एकदा मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांची जीवनसमाधानाची पाच विधानं सोडवा. प्रत्येक विधान किती पटतं त्याला १ ते ७ गुण, एकूण ५ ते ३५. २० म्हणजे अधलंमधलं. कामाचे आकडे वाईट, पण हा २० च्या वर असेल, तर पॉइंट (ड्युटीची जागा) किंवा पाळी बदलून मागा. हाही घसरत असेल, तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. झोप उडाली किंवा जगणं नको वाटलं, तर थांबू नका: टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, २४ तास.

प्रभारी अधिकाऱ्यांनी ही डायरी मागू नये. साहेब वाचणार असं कळलं की सगळेच चांगले आकडे लिहितात.