शाळेच्या संस्थेची निवडणूक लढवायचीय? आधी पावती काढून बघा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला तोच प्रश्न विचारला. एक दातांचे डॉक्टर, एक सीए आणि एक माझ्यासारखीच आर्किटेक्ट. मुलांची शाळा ज्या संस्थेची आहे तिच्या कार्यकारी मंडळावर उभं राहावं म्हणतोय, सुरुवात कुठून करू? तिघांनाही मी म्हटलं, घरी जा आणि पावती शोधा. तिघंही हसले. २०२२ साली मीही हसलेच असते.

आधी थोडं पटकन. शाळा व्यवस्थापन समिती वेगळी आणि संस्थेचं मंडळ वेगळं. शिक्षण हक्क कायद्यातल्या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. विनाअनुदानित शाळांना ती लागूच नाही. मी बोलतेय ते बडोद्यातल्या आपल्या जुन्या मराठी संस्थांबद्दल. त्यांची नोंदणी दोन ठिकाणी असते, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक ट्रस्ट म्हणून. तिथे मत देतात ते सभासद. तुमचं मूल त्या शाळेत आहे, तुम्ही स्वतः तिथे शिकलात, तुमच्या आजोबांनी इमारतीसाठी विटा दिल्या, यातल्या कशानेही मत मिळत नाही. हे माहीत असेलच, तरी लिहिलं.

आता माझी फजिती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी संस्थेच्या ऑफिसात आजीव सभासद व्हायला गेले. पाच हजारांचा चेक लिहिला. क्लार्कने पावतीपुस्तक उघडलं, कार्बन नीट सरकवला, पेन वर धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बेन, देणगीत लिहू? एटी-जी मळशे." म्हणजे प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची सवलत मिळेल. वर्गणीवर करसवलत नाही, देणगीवर आहे, हे मलाही माहीत होतं. म्हटलं, लिहा की. त्याने "देणगी" लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली. मी सभासद झाले, असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये निवडणूक लागली. मी उमेदवारी अर्ज भरला. छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकारी म्हणून बसलेले निवृत्त मुख्याध्यापक सभासद रजिस्टरवर फूटपट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकत होते. फूटपट्टी शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, तुमचं नाव नाही." मी पावती पुढे केली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "देणगी", आणि अगदी सभ्यपणे परत केली. देणगीदारांच्या यादीत मात्र माझं नाव बिनचूक होतं. करसवलतीसाठी लागणारं देणगीचं फॉर्म १०बीई प्रमाणपत्र तर मे महिन्यातच मेलवर आलं होतं. ते मी बघून, सेव्ह करून, रिटर्न भरणाऱ्याला पाठवून दिलं होतं. माझ्याविरुद्धचा पुरावा मीच फाइलला लावला होता.

हिशेब सांगते म्हणजे लक्षात राहील. पाच हजारांवर निम्मी वजावट म्हणजे अडीच हजार. माझ्या वीस टक्के कराच्या दराने त्यावर पाचशे रुपये कर, वर चार टक्के सेस वीस रुपये. पाचशे वीस रुपये वाचले. पुढची निवडणूक तीन वर्षांनी.

यात नुसतं "पावतीवर सभासद वर्गणी लिहून घ्या" एवढंच समजू नका. मीही पुढचे दोन महिने तेच समजत होते आणि दुसऱ्यांदा फसता फसता राहिले. पावती म्हणजे फक्त पैसे पोचल्याची खूण. सभासद तुम्ही तेव्हा होता, जेव्हा तुमचा छापील अर्ज कार्यकारी मंडळाच्या सभेत ठेवला जातो, तो मंजूर केल्याचा ठराव होतो, आणि त्या ठरावाच्या आधारे रजिस्टरमध्ये तुमच्या नावाची ओळ भरली जाते. आमच्या बंधारणात (घटना कोणी म्हणत नाही इथे, बंधारणच) तारीख धरतात ती ठरावाची, पावतीची नाही. तुम्ही जानेवारीत पैसे भरले, सभा झाली जूनमध्ये, आणि मतदार यादीची कट-ऑफ तारीख मार्चअखेर असली, तर तुम्ही बाहेर. कोणी डाव केला म्हणून बाहेर, असंही नाही. अर्ज टेबलाच्या ड्रॉवरमध्ये वाट बघत बसला म्हणून.

म्हणून अर्जाची पोच घ्या. सभा झाली की ठराव क्रमांक आणि तारीख लिहून मागा. मग रजिस्टर स्वतः डोळ्यांनी बघा आणि नाव कसं लिहिलंय ते वाचा. माझं दुसऱ्या वेळी माहेरच्या आडनावाने लिहिलं होतं, कारण क्लार्कच्या ओळखीचे माझे वडील. आधार कार्डावर सासरचं. ही दुरुस्ती मार्चमध्ये दहा मिनिटांत होते. छाननीच्या टेबलावर होत नाही.

बंधारणाची प्रतही कोणी झेरॉक्स करून दिलेली घेऊ नका. चॅरिटी कमिशनरच्या (जिथे ट्रस्टची नोंदणी असते) ऑफिसातून प्रमाणित नक्कल काढा, सोबत ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा. मला मिळालेली झेरॉक्स दुरुस्त्या होण्याआधीची होती.

ती झेरॉक्स देणारे काका म्हणजे माझे त्या वेळचे मार्गदर्शक. संस्थेवर पूर्वी होते, ओळखी भरपूर. "तू फॉर्म भर, बाकी मी बघतो." छाननीच्या दिवशी काका डाकोरला. माझं मत कडू आहे, पण मांडते. "बाकी मी बघतो" म्हणणाऱ्याच्या घरचा चहा प्यावा आणि नमस्कार करून निघावं. मला खरं शिकवलं ते संस्थेतून निवृत्त झालेल्या एका शिपायाने. कोणती फाइल कुठल्या कपाटात असते, नोटीस बोर्डावर कधी लागते आणि संध्याकाळी कधी काढली जाते, हे त्याला पाठ होतं. "बिनविरोध करून देतो" हा शॉर्टकट सांगणारेही भेटतील. बिनविरोध आलेल्या माणसाने सभेत तोंड उघडलं की त्याला कोणी आणलं याची आठवण करून देतात.

अर्ज बाद झाला तर जग बुडत नाही, हेही सांगते. मी आठवडाभर रावपुऱ्यातून जायचं टाळत होते, कोणी विचारेल म्हणून. एकानेही विचारलं नाही. संस्थेच्या निवडणुकीकडे लोकांचं एवढं लक्ष नसतं, आणि पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला ते सोयीचंच.

२०२५ ला पुन्हा उभी राहिले. प्रचाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक उमेदवार भाषण सयाजीराव महाराजांपासून सुरू करतो, १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण, १९०६ ला सगळ्या राज्यात. समोर बसलेल्यांना ते तुमच्याआधीपासून पाठ आहे. त्यापेक्षा घरोघर जा. जंबुबेटच्या एका काकूंनी लिलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) पुढे ठेवला आणि थेट विचारलं, "उद्या शाळेवर मजला चढवायचा तर काम तूच घेणार ना?" मला घाम फुटला. व्यावसायिक माणसाला हा प्रश्न येणारच, डॉक्टरला तपासणी शिबिरावरून, सीएला ऑडिटवरून. मी पदावर असेपर्यंत माझी फर्म संस्थेचं कुठलंही काम करणार नाही, असं पत्रकावर छापून टाकलं. पाच-सहा मतं त्या एका ओळीची असावीत.

आश्वासनं जपून द्या. "चांगले शिक्षक आणू" म्हणू नका. अनुदानित माध्यमिक शाळेतली भरती सरकार टाट (शिक्षक अभियोग्यता) परीक्षेच्या गुणांवर करतं, मंडळ नाही. स्वनिर्भर, म्हणजे विनाअनुदानित, शाखेची फी वाढवायची तर २०१७ च्या कायद्याने आलेली फी ठरवणारी समिती आहे, आणि कमी करायची म्हटलं की पगार कुठून देणार, हे लगेच विचारतात. जे खरंच मंडळाच्या हातात आहे तेच बोला. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तळ्यात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर प्रत्येक घरात सहलीचा विषय निघत होता. त्याच मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि फायर एनओसी, बीयू परमिशन (इमारत वापरण्याची परवानगी) हे शब्द घराघरांत पोचले. तिथे मात्र मला बोलता आलं. जिन्याची रुंदी, गच्चीच्या दाराचं कुलूप, प्रयोगशाळेतला गॅस सिलिंडर कुठे ठेवलाय, हे मी बघून आले होते.

अकरा जागांसाठी मतदाराला अकरापर्यंत खुणा करता येतात. बारावी खूण झाली की अख्खी मतपत्रिका बाद. वयस्कर मतदारांना हे दोनदा सांगा, रागावले तरी. मी अकराव्या जागेवर निवडून आले, खालच्यापेक्षा सात मतं जास्त.

आणि निवडून आलं की संपलं, असं नाही. नव्या मंडळाचा फेरफार अहवाल, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, चॅरिटी कमिशनरकडे ९० दिवसांत जावा लागतो. तो कोणी लिहितंय का, कोणाच्या टेबलावर आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. आमचा एकोणऐंशीव्या दिवशी गेला, तोही मी रोज फोन करून.

पहिल्या सभेत मी एकच विषय ठेवला होता. सभासद वर्गणीचं पावतीपुस्तक वेगळ्या रंगाचं छापावं आणि पावतीवर "सभासदत्व ठरावानंतर लागू" एवढी एक ओळ असावी. सगळ्यांनी माना डोलावल्या, कल्पना छान आहे म्हणाले. जुनी पुस्तकं संपेपर्यंत विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. परवा ऑफिसात जाऊन मोजून आले. कपाटात अजून चौदा पुस्तकं आहेत.