आइसलँडमध्ये समान वेतनाची पडताळणी करताना

2018 मध्ये लागू झालेल्या कायद्याने 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांवर समान वेतन सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठीचं मानक म्हणजे आइसलँडचं समान वेतनाचं राष्ट्रीय मानक, आयएसटी 85. ते पाळल्याचं प्रमाणपत्र मिळतं.

सुरुवात पगारापासून करू नका. आधी प्रत्येक कामाचं वर्णन लिहा, कर्मचाऱ्याचं नाव बाजूला ठेवून. मग ज्ञान-कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती या निकषांवर गुण द्या. सगळी गडबड होते ती इथेच. गोदामात खोकी उचलण्याला श्रमाचे भरघोस गुण मिळतात आणि वृद्धाश्रमात माणसाला उचलून कुशीवर वळवणाऱ्या बाईचं काम मात्र 'काळजी घेते' एवढ्यावर भागवलं जातं. दोन्हीकडे वजन किती, दिवसातून किती वेळा, हे मोजून लिहा. निकषांचं महत्त्वही पगार बघण्याआधीच ठरवा. नंतर ठरवलं तर चालू पगाराचंच समर्थन होतं.

आता समान गुणांच्या कामांचे पगार शेजारी मांडा. मूळ पगार जुळतो, फरक दडतो ठरावीक ओव्हरटाइम आणि गाडीभत्त्यात, म्हणून तेही धरा. फरकाचं लेखी कारण देता आलं नाही, तर कमी असलेला पगार वाढवा. प्रमाणपत्राचं दर 3 वर्षांनी नूतनीकरण लागतं.