वावर कोणाला द्यायचं ते नंतर, आधी ते कोणाचं आहे ते काढा

मृत्युपत्र करतो म्हटलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात पहिला प्रश्न ठरलेला: "काहून, आताच जाऊन राह्यला का तू?" त्याकडे दुर्लक्ष करा. सांभाळायचं आहे ते तहसीलसमोरच्या टेबलावरून येणाऱ्या वाक्यापासून: "सातबारा आणा, आधार आणा, दोन साक्षीदार आणा, तासाभरात करून देतो." आमच्या बाबांचं मृत्युपत्र असंच तासाभरात झालं. ते निस्तरायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्यानंतर स्वतःचं, सासऱ्यांचं आणि भावकीतल्या बऱ्याच जणांचं लिहिताना मी शेजारी बसलो आहे.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही, त्यांनी वकिलाकडेच जावं.

कागद गोळा करा

सातबारा, आठ-अ, घराचा नमुना आठ, बँक-पतसंस्थेची पासबुकं, विमा, पीककर्जाचा आकडा. एका रविवारचं काम.

जमीन खरंच किती तुमची, ते काढा

इथेच सगळे फसतात, आम्हीही फसलो.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली, हा गावातला सर्वात मोठा गैरसमज. सातबारा आणि फेरफार (जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेल्याची नोंद) हे महसूल गोळा करण्यासाठीचे कागद आहेत, त्यांनी मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. दुसरा गैरसमज तहसीलसमोर कागद लिहून देणारे अर्जनवीस पसरवतात: "बापाकडून आली म्हणजे वडिलोपार्जित." तेही खरं नाही.

आमचा हिशोब सांगतो. आजोबांनी 1961 साली 9 एकर वावर स्वतःच्या पैशाने खरेदीखताने घेतलं. 1974 मध्ये ते वारले, मागे काही लिहून ठेवलं नाही. फेरफार झाला तो बाबा आणि काका या दोघांच्या नावे. आजीचं नाव नाही, आत्याचं नाव नाही. "तिचं लग्न झालं, तिले काय लागते आता?" हे तेव्हाचं वाक्य. काका-बाबांनी मध्ये धुरा (बांध) टाकून साडेचार-साडेचार एकर वाहिलं आणि बाबांनी साडेचार एकर आम्हा दोघा भावांना लिहून दिलं.

पण हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू आहे. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन त्यांच्या मृत्यूनंतर आजी, दोन मुलगे आणि मुलगी अशा चौघांकडे समान गेली. प्रत्येकी सव्वादोन एकर. 1983 मध्ये आजी गेली, तिचे सव्वादोन एकर तिघा लेकरांत वाटले गेले, प्रत्येकी पाऊण एकर. म्हणजे बाबांचे खरे 3 एकर, आणि त्यांनी लिहून दिले साडेचार. जे आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत. आत्याची मुलं दिवाणी न्यायालयात गेली, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. कागद वाचल्यावर उतरला.

आता तुम्ही काय करायचं? चालू सातबारा घेऊन थांबू नका, फेरफार एकेक करत मागे जा. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावरच असतात. जुन्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की मिळतात. अकोला-अमरावतीचे बरेच जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. विदर्भात 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची तेव्हाची नोंदवही, तीही मागा. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, त्यामुळे पुण्याकडचे सल्ले देणारे तिचं नावही घेत नाहीत, आणि आमच्याकडे पुष्कळदा तीच सर्वात जुनी भरवशाची नोंद निघते.

प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. जमीन घरात कशी आली: खरेदी, वाटणी की वारसा? ज्याच्याकडे होती तो कधी वारला, 1956 च्या आधी की नंतर? आणि त्या दिवशी त्याची बायको, आई, मुलं, मुली यांपैकी कोण हयात होतं? तिसरा प्रश्न कागदाला नाही, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला सगळं आठवतं.

1956 नंतर वारसाने आलेला बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीतला हिस्सा हा तुमचा स्वतःचा. तो हवा त्याला द्या. पिढ्यान्पिढ्या एकत्र चालत आलेली जमीन असेल, तर तुम्ही फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं लिहू शकता. त्यात मुलीही जन्मानेच हिस्सेदार आहेत. वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल यांनंतर त्यावर वाद उरलेला नाही. बाप 2005 ला हयात असायला हवा ही अटही नाही. 20 डिसेंबर 2004 आधी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा वाटणीचा हुकूमनामा असेल तर तो मोडत नाही. "धुरा टाकला होता, पंचांसमोर ठरलं होतं" एवढ्यावर मात्र विसंबू नका. तुमचा नेमका हिस्सा किती, हा आकडा वकिलाकडून लिहून घ्या. पूर्ण प्रक्रियेत वकिलाला पैसे द्यायची हीच खरी जागा.

आत्या किंवा बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर तिच्या हयातीत नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. राखीच्या दिवशी तोंडी म्हटलेलं "मला नको" न्यायालयात चालत नाही. आणि तिच्यावर दबाव आणून सही घेणार असाल तर हा लेख इथेच बंद करा.

लिहा

साधा कागद, मराठी, स्टॅम्प लागत नाही. "माझी सर्व शेती" असं कधीही लिहू नका. मौजा, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (3 एकर म्हणजे साधारण 1 हेक्टर 20 आर), चतुःसीमा. विहीर कोणाच्या भागात, पाण्याची पाळी कशी, पांदणीपासून (शेतरस्त्यापासून) वावरात जायची वाट कोणती, हे लिहा. जमिनीपेक्षा जास्त भांडणं वाटेवरून होतात. जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडे पाडू नका, तुकडेबंदी कायद्यात अडकतात. कर्ज कोणी फेडायचं तेही लिहा. बायकोच्या वाट्याला "हयातीपर्यंत वहिवाट" ठेवू नका, पूर्ण मालकीने द्या. पीककर्जासाठी मुलाच्या दारात उभी राहिलेली विधवा बाई मी आमच्याच गल्लीत पाहिली आहे.

हयातीत बक्षीसपत्र करून जमीन मुलाच्या नावे करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचा चहा पिऊन घरी या. मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं, बक्षीसपत्र परत घेणं फार अवघड.

साक्षीदार

दोन हवेत, आणि तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं हवं. वयाने तुमच्यापेक्षा लहान निवडा. बाबांनी पारावरचे दोन मित्र नेले होते. न्यायालयात साक्ष लागली तेव्हा एक वारलेला, दुसऱ्याला माणसं ओळखू येत नव्हती. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा.

नोंदणी

सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. प्रोबेटची (मृत्युपत्र न्यायालयाकडून सिद्ध करून घेण्याची) भीती कोणी घातली तर ऐकू नका, आपल्याकडे ते बंधनकारक नाही.

नॉमिनी

बँकेत नॉमिनी लावा, पण तो मालक नसतो. पैसे उचलून वारसांना द्यायची जबाबदारी त्याची. मृत्युपत्रातलं आणि नॉमिनीचं नाव एकच ठेवलं की अर्धी कटकट जाते.

नंतरचं काम

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच). पिढी उलटेपर्यंत थांबू नका. मेलेल्यांची नावं सातबाऱ्यावर इतकी साचली होती की 2025 मध्ये सरकारला 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच वारसाचे कागद मागतात. माझी मूळ प्रत ताईकडे आहे. झेरॉक्स आत्याच्या थोरल्या मुलाकडे दिली, त्याने ती वाचून आमची वाट चुकीच्या धुऱ्यावरून दाखवलेली पकडली.