पॅरामेट्राइज वापरताय? या चुका टाळा

आमच्या गावाला नावं तीन. 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी, जुन्या इंग्रजी फाइलींत बेलगाम आणि घरात बेळगाव. ग्राहकांच्या पत्त्यांतली ही भेळ एकसारखी करणारं फंक्शन लिहिलं आणि प्रत्येक नावासाठी एकेक टेस्ट, म्हणजे फंक्शनचं उत्तर बरोबर आहे का ते तपासणारा कोड, कॉपी-पेस्ट करत सुटलो. खानापूर, निपाणी येईपर्यंत फाइल स्क्रोल करून बोट दुखायला लागलं.

पायथॉनमधल्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या टूलचा पॅरामेट्राइज डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खास ओळ) यासाठीच आहे. टेस्ट एकच, तिच्या डोक्यावर इनपुट आणि अपेक्षित उत्तराच्या जोड्यांची यादी. प्रत्येक जोडी स्वतंत्र टेस्ट म्हणून धावते. फॉर लूप पहिल्याच चुकीला अडला असता. पॅरामेट्राइजचं इंग्रजी स्पेलिंग तेवढं सांभाळा: ‘टी’नंतर लगेच ‘आर’, मध्ये ‘ई’ नाही.

मला सगळ्यात महाग पडली ती रिकामी यादी. जोड्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) हलवल्या आणि तालुक्यानुसार निवडून घेतल्या. फाइलीत ‘खानापूर’पुढे एक स्पेस होती, त्यामुळे यादीत काहीच उरलं नाही. अशा वेळी पायटेस्ट फेल करत नाही, टेस्ट स्किप करतो. खालची ओळ हिरवीच, त्यामुळे मी निवांत घरी गेलो. आता पायटेस्टच्या सेटिंगच्या फाइलीत, म्हणजे कॉन्फिगमध्ये, ‘एम्प्टी पॅरामीटर सेट मार्क’ला ‘फेल अ‍ॅट कलेक्ट’ दिलंय. त्यामुळे यादी रिकामी असली की टेस्ट गोळा करतानाच एरर येतो. ही दोन्ही नावं इंग्रजीत लिहिताना मधल्या स्पेसच्या जागी अंडरस्कोर घाला.

दुसरी गंमत आपल्या लिपीची. इनपुट देवनागरीत असेल तर फेल झालेल्या टेस्टच्या नावात ‘बेळगाव’ दिसत नाही; तिरक्या रेघा, यू आणि आकड्यांची माळ दिसते. कुठली जोडी पडली ते कळायला डोकं खाजवायचं! प्रत्येक जोडीला ‘पायटेस्ट.पॅराम’मधून रोमन लिपीत छोटा आयडी द्या. ही माळ बंद करणारं सेटिंग आहे, पण त्याच्या नावातच ‘कम्युनिटी सपोर्टवरचे सगळे हक्क सोडतो’ असं लिहिलंय. मी हात लावला नाही.

दोन डेकोरेटर एकावर एक ठेवले की गुणाकार होतो: तीन नावं आणि चार पिनकोड म्हणजे बारा टेस्ट. जोड्याच हव्या असतील तर एकच डेकोरेटर घ्या. जोडीत लिस्ट किंवा डिक्शनरी असेल तर तिची कॉपी होत नाही. तीच वस्तू दोन ठिकाणी दिली आणि एका टेस्टने बदलली, तर पुढची टेस्ट उगाच पडते.

आणि पायथॉनसोबतच येणाऱ्या युनिटटेस्ट लायब्ररीच्या टेस्टकेस क्लासात पॅरामेट्राइज चालतच नाही, आर्ग्युमेंट मिळालं नाही म्हणून एरर येतो. तिथे सबटेस्ट (लूपमधली प्रत्येक तपासणी वेगळी धरणारी युनिटटेस्टची सोय) वापरा, नाहीतर साधं फंक्शन करा. मी क्लासच काढून टाकला.