साल्मोनेला पेशीत शिरला का, हे मोजायचं कसं

साल्मोनेला हा बॅक्टेरिया पेशीच्या आत गेलाय की बाहेर नुसता चिकटलाय हे साध्या मायक्रोस्कोपखाली बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही, म्हणून ‘जेंटामायसिन प्रोटेक्शन अ‍ॅसे’ ही चाचणी करतात. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पेशीच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे मरतात, आतले वाचतात, मग पेशी फोडायच्या आणि वाचलेले मोजायचे, बस.

आदल्या दिवशी २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी) लावा, पण मीडियात अँटिबायोटिक नको म्हणजे नको!! माझे दोन आठवडे पेनस्ट्रेपमुळे (मीडियात घालतात ते पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) वाया गेले, बॅक्टेरिया शिरायच्या आधीच मरत होते आणि मी आपला स्ट्रेनला शिव्या देतोय.

साल्मोनेलाचं रात्रभर वाढवलेलं (ओव्हरनाइट) कल्चर थेट टाकू नका, ताज्या एलबीत (बॅक्टेरिया वाढवायचा मीडिया) पातळ करून तीनेक तास वाढवा. लेट लॉगला (भराभर वाढीच्या शेवटी) त्याची टाइप थ्री सिक्रीशन सिस्टिम जोरात असते, सुईच ती, त्यातून सोपई वगैरे प्रोटीन्स पेशीत सोडली की आतलं अ‍ॅक्टिन हलतं, पडदा वर उसळतो आणि बॅक्टेरियाला पोटात घेतो. चोराने घरधन्याकडूनच कडी काढून घ्यावी तसं.

एका पेशीमागे १० बॅक्टेरिया टाका, ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवा, पीबीएसने (मिठाचं बफर) धुवा, मग १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली जेंटामायसिन एक तास. (काम हूडमध्येच हं, जैवसुरक्षा पातळी २, म्हणजे बीएसएल-२ आहे.) आता पुन्हा तीनदा नीट धुवा, कारण औषध राहिलं तर पेशी फुटल्याफुटल्या आतलेही मरतील, आणि जोरात पिपेट मारलंत तर पेशीच सुटून वाहून जातील, तेव्हा वेलच्या कडेने हळू सोडा. ०.१ टक्का ट्रायटन (डिटर्जंट) १ मिली घालून पेशी फोडा आणि ते पातळ करत करत (डायल्यूशन) अगार प्लेटवर पसरा.

शेवटच्या धुण्याचं पाणीही प्लेट करा, तिथे कॉलनी आल्या तर बाहेरचे मेलेलेच नाहीत. शेजारी तुलनेला डीएच५अल्फा या लॅबमधल्या ई. कोलाय स्ट्रेनची वेल हवीच, तो शिरत नाही.

हिशोब: १:१०० डायल्यूशनचे १०० मायक्रोलिटर पसरले, ४२ कॉलनी आल्या, तर ४२ × १०० (डायल्यूशन) × १० (१ मिलीतले १०० मायक्रोलिटरच पसरले म्हणून) = ४२,००० आत. टाकले होते ५० लाख, म्हणजे ०.८४ टक्के. आकडा बारका बघून घाबरू नका.

आत गेल्यावर तो वाढतो का हे बघायचं तर तासाभराने जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीवर आणून १६ तास ठेवा, पण तो आकडा शिरकावाचा म्हणून लिहू नका, व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येतो.